उलट उत्तर

बाबांनी भिरकावलेली काचेची बशी आईच्या कानाजवळून गेली आणि भिंतीवर फुटली. नुकतीच परदेशातून शिकून आलेली थोरली ताडकन उठली.

"बाबा, खबरदार पुन्हा हात उचललात तर!"

पूर्वी एवढ्यावर कमरेचा पट्टा निघाला असता आणि तिची पाठ सोलून निघाली असती. आज मात्र बाबांचा उगारलेला हात हवेतच थांबला. "दोन वर्षांत शिंगं फुटली हिला," एवढंच पुटपुटून ते आत निघून गेले.

"बघितलंस? आपण घाबरतो म्हणून यांचं फावतं," काचा वेचणाऱ्या धाकट्या बहिणीला ती म्हणाली. परत आल्यापासून पहिल्यांदाच तिला हे घर पुन्हा आपलं वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती प्रयोगशाळेतून घरी आली, तेव्हा आई धाकटीच्या उघड्या पाठीवर बर्फ फिरवत होती. पाठभर पट्ट्याचे वळ होते आणि खांद्यापाशी बक्कल लागून कातडी फाटली होती.





"ताई, यापुढे त्यांना उलटून बोलायचं असेल ना," धाकटी दात आवळून म्हणाली, "तर दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ नकोस."