खालचा बाण

आठ वाजले आणि आईचा फोन आलाच.

"अरे, अक्षरं पुन्हा बारीक झाली बघ."

मुलाने तोंडातला ब्रश काढला, कपाळावर हात मारला आणि लॅपटॉप उघडला. एकविसावी सकाळ. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ही हौस त्याच्या चांगलीच अंगाशी आली होती. आईच्या संगणकावर त्याने विंडोजऐवजी मुद्दाम लिनक्सची एक वेगळीच प्रणाली घातली होती. तिथे काय हवं ते सगळं एका फाइलीत लिहायचं, कमांड द्यायची, की यंत्र स्वतःला तसंच्या तसं घडवतं. एक कंस चुकला की पडद्यावर पानभर शिव्या. "काही बिघडलं तर घाबरू नकोस," त्याने पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. "सुरू करताना पाच सेकंद जुन्या-नव्या आवृत्त्यांची यादी दिसते. खालचा बाण दाबून जुनी आवृत्ती निवडायची." तीस वर्षं टायपिस्टची नोकरी केलेली आई म्हणाली होती, "मला नाही बाई असलं लक्षात राहायचं."

आपल्या लॅपटॉपवरून तिच्या यंत्रातल्या फाइलीत अक्षरं मोठी करायची ओळ त्याने लिहिली. अक्षरं मोठी झाली. दुसऱ्या दिवशी आठ वाजता पुन्हा बारीक. मग त्याने मदतीची पानं पालथी घातली. ओळ वर नेली, खाली आणली, वेगळ्या तऱ्हेने लिहून पाहिली. पालथ्या घड्यावर पाणी. एरवी आईला रविवारी एक फोन व्हायचा, पाच मिनिटांचा. आता रोज तासभर ही झटापट, आणि तोवर फोनवर तिचं चालूच: गुडघा, शेजारणीची मांजर, कपाटात सापडलेला बाबांचा चष्मा, तो टाकवत नाही. तो नुसता हं, हं करायचा.

आज मात्र त्याचा धीर सुटला. "आई, रविवारी येतो आणि हे काढूनच टाकतो. साधं काहीतरी घालून देतो. एकदाची सुटशील."



"बरं," ती म्हणाली. "तुला त्रास नको."

ऑफिसात त्याने गुरुजींना गाठलं. गुरुजी म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सहकारी. हे वेड त्यानेच लावलेलं. गुरुजींनी आईचं यंत्र कधी आणि कसं सुरू झालं याची नोंद उघडली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"तुझी ओळ पहिल्या दिवसापासून बरोबर आहे. पण यंत्र रोज जुन्या आवृत्तीत सुरू होतंय."

"मग रोज जुनंच कसं उघडतं?"

"आपोआप नवंच उघडतं. जुनं हवं तर कोणालातरी हाताने निवडावं लागतं. हे बघ, रोज आठला पाच कमी असताना. एकही दिवस चुकलेला नाही. घरात कोण असतं?"

"आई," तो म्हणाला. "एकटीच."

आधी त्याला रागच आला. तीन आठवड्यांची झोप गेली होती त्याची. मग बाबांचा चष्मा आठवला. त्याचं पुढे काय झालं, हे आपण विचारलंच नाही, याची त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आठच्या आत त्याने दात घासले, चहा करून घेतला आणि खिडकीपाशी खुर्ची ओढली. फोन आला.

"अरे, अक्षरं पुन्हा बारीक झाली बघ."

लॅपटॉप पिशवीतच होता.

"हो का? अवघड दिसतंय प्रकरण, वेळ लागेल," तो म्हणाला. "तोवर सांग, बाबांचा चष्मा कुठे ठेवलास?"