चार वाजताचा आवाज

चार वाजले की नवरा आपला सॅटेलाइट रेडिओ घेऊन कधी खिडकीशी, तर कधी गाडीत जाऊन बसायचा. त्याला उघडं आकाश लागे, म्हणून तो कधी धड वाजत नसे. आवाज सारखा जायचा; कार्यक्रम सादर करणाऱ्या एका बाईचे तुटके शब्द तेवढे यायचे. तरी हा कान लावून हसायचा आणि बायकोच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

“कोण ही टवळी? या वयात लाज नाही वाटत?”

तो रेडिओ कानाशी आणखी दाबायचा.

आज तिने रेडिओ हिसकावला आणि भिरकावायला हात खिडकीबाहेर काढला, तसा आवाज एकदम स्वच्छ झाला. सहा वर्षांपूर्वी तिनेच घराबाहेर काढलेली लेक बोलत होती.

नवरा पुढे सरकला.

“हलू नका,” हात तसाच बाहेर धरून बायको म्हणाली, “आवाज जाईल.”