इंजिनाची गोधडी

जीप तिसऱ्यांदा बंद पडली, तसा पंचफुलाने मांडीवरच्या गाठोड्यात हात घातला. गोधडीच्या त्या गाठोड्यात तिची दहा महिन्यांची सुजाता होती. कपाळ तव्यासारखं तापलेलं. सकाळी ती रडत तरी होती. आता नुसती कण्हत होती. पेडगाव कधीच मागे पडलं होतं आणि परभणीचा दवाखाना अजून पाच-सहा मैल लांब. चैत्रातलं भर दुपारचं ऊन. रस्त्याला ना एसटी, ना बैलगाडी.

"हात काढ. वारं लागंल तिला," शेजारी बसलेली तिची सासू सरजाबाई म्हणाली.

पंचफुला औरंगाबादला राहून बी.एस्सी. झालेली. तापात लेकराच्या अंगावरचं काढायचं असतं, असं तिने कालपासून दोनदा सांगून पाहिलं होतं. दोन्ही वेळा सरजाबाईने गोधडीची गाठ आणखी आवळली होती. सरजाबाईचा धाकटा मुलगा असाच तापात गेला होता. त्या रात्री तो उघडा पडला होता, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं होतं. त्या एका गोष्टीपुढे कॉलेजातलं पुस्तक काय बोलणार? पंचफुला गप्प बसली होती. आणि आपण गप्प का बसलो, हेच आता तिला आतून कुरतडत होतं.

भुजंग ड्रायव्हर उतरला आणि त्याने बॉनेट उचललं. जीप गावातल्या किशनरावांची, पण तिच्यात जीव भुजंगचा. गेल्याच महिन्यात ताकद वाढावी म्हणून त्याने इंजिनाचं बोरिंग करून घेतलं होतं, वर मोठा कार्बोरेटर बसवला होता. आता पाखरावानी उडती, असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा. अशा इंजिनाला धूळ लागू नये म्हणून त्याने बायकोकडून खास गोधडी शिवून घेतली होती. बॉनेटला आतून तारेने शिवलेली, दोन्ही बाजूंच्या फटींत कोंबलेली. इंजिनाला बाळंतिणीवानी जपतो, म्हणून गाव हसलं होतं.

"आता काय झालं, भाऊ?" पंचफुलाने विचारलं.

"तेच की, वैनी. पंप तापलाय. नळीतल्या नळीत पेट्रोलची वाफ व्हायलीय. ओलं फडकं टाकलं की पडतंय थंड." भुजंगने पाण्याचा डबा उलटा केला. थेंब पडला नाही. मग त्याची नजर पंचफुलाच्या पायाशी असलेल्या तांब्यावर गेली.

ते पाणी सुजातासाठी उकळून गार केलेलं होतं. पंचफुलाने क्षणभर तांब्या घट्ट धरला. मग अर्धा रिता करून दिला.

"पाज, लेकराचं पाणी गाडीला पाज," सरजाबाई म्हणाली. "लय शिकलीस!"

जीप सुरू झाली. भुजंगने बॉनेट धाडकन लावलं. दोन फर्लांग गेली नसेल, तोच धापा टाकत पुन्हा उभी राहिली.

पंचफुला प्रत्येक वेळी बघत आली होती. बॉनेट उघडं असेतो इंजिन बिनघोर चालायचं. झाकलं की कोंडल्यासारखं व्हायचं. तिने सुजाताला सासूच्या मांडीवर दिलं आणि ती खाली उतरली. बॉनेट उचलताच आतला गरम झोत तिच्या तोंडावर आला.

"भाऊ, ही गोधडी काढा."

"अन् धूळ?" भुजंग दचकला. "नवं इंजिन हाय, वैनी. बायकूनं आठ दिस बसून शिवलीय."

"धूळ मागून पुसता येईल. आग बाहेरून येत नाही, भाऊ, आतच आहे. तुम्ही जितकं झाकाल तितकी ती आत कोंडते. तिला बाहेर जायला वाट द्या! मायेनं जीव घ्याल तिचा!"

तिचा आवाज फाटला. भुजंग एक पाऊल मागे सरला. जीपसाठी एवढं कुणी ओरडतं, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने आधारासाठी सरजाबाईकडे पाहिलं. ती नातीला थोपटत होती. मग त्याने सीटखालून पकड काढली, तारेचा एकेक टाका तोडला, फटींत कोंबलेलं ओढून काढलं आणि सगळी गोधडी मागच्या बाकावर टाकली. तिची आतली बाजू करपून तपकिरी झाली होती. जळक्या कापसाचा वास जीपभर पसरला.

सरजाबाईने हात लावून पाहिला आणि चटका बसून मागे घेतला.

"अरं भुजंगा, ही पेटली असती की रं!"

भुजंगने मान खाली घातली आणि किल्ली फिरवली.

जीप एक मैल गेली. तीन मैल गेली. उघड्या बाजूंनी वारं भणाणत आत येत होतं. "पळायलीय की, वैनी!" भुजंग पुढून ओरडला. पंचफुलाने सुजाताला घ्यायला हात पुढे केले. सरजाबाईने लेकरू दिलं नाही. ती आपल्या चटका बसलेल्या तळव्याकडे बघत होती.

मग तिची बोटं गाठीवर गेली. कालपासून तिनेच आवळलेली गाठ. बोटांनी सुटेना, तेव्हा तिने दात लावले. गोधडी मागच्या बाकावर त्या दुसऱ्या गोधडीशेजारी जाऊन पडली. कुंची निघाली. अंगडं निघालं. सरजाबाईने तांब्यातल्या उरल्या पाण्यात पदर बुडवला आणि नातीच्या कपाळावर टेकवला. सुजाता शहारली, तिने पाय झाडले, आणि सकाळपासून पहिल्यांदा टाहो फोडला. चांगला, भक्कम टाहो.

समोर परभणीची पहिली घरं दिसायला लागली होती. सरजाबाईने सुनेकडे पाहिलं नाही. ओला पदर नातीच्या अंगावरून फिरवत ती हळूच म्हणाली,

"कालपासून तू मला हेच सांगायलीस का, माय?"