बोलावणं

सेहेचाळीस सालचा एक शनिवार. भाकरी मोडता मोडता ख्रिस्ती पाळक यशयांनी लेकीला नेहमीसारखं चिडवलं, "दीना, देवळात कधीच न आलेल्या एकाला तरी बोलव गं! सगळी मंडळी बोलावते. पाळकाचीच पोर एवढी पुस्तकं वाचून मुकी!" ती नुसती हसली.

संध्याकाळी चावडीवर त्यांचं कीर्तन रंगात आलं. तेव्हा हातभट्टीवाला गहिनीनाथ "माझी गिऱ्हाइकं पळवतो व्हय?" म्हणत धावून आला आणि त्याने त्यांच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. ते जागीच गेले.

मंडळीने त्याला लिंबाला बांधून ठेचायला घेतलं. दर रविवारी पहिल्या रांगेत बसणाऱ्या शांतवनकाकांनी रक्ताळलेला दगड दीनाच्या हाती दिला. "घाल पोरी, बापासाठी!"

दीनाने दगड खाली टाकला.



"काका, उद्या तुम्ही देवळात या."