लवादापुढचा तास

विकलेल्या चादरींवरून झालेला तंटा सोडवायला व्यापाऱ्यानं आपल्याच ओळखीचा लवाद नेमला, तेव्हा वकिलानं सासूबाईंना बजावलं होतं, “लवादाचा अधिकार मान्य नाही, एवढंच म्हणा. मालाबद्दल बोललात, तर कोर्टात दाद मिळणार नाही आणि कारखाना हातचा जाईल.” पण व्यापारी लवादापुढं म्हणाला, “चादरींचा रंग कच्चा.” झालं! शिकवलेलं वाक्य बाजूलाच राहिलं. सासूबाईंनी तासभर त्याची सालटी काढली. लवाद हटवावा म्हणून केलेल्या अर्जावर आज कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, “अधिकार मान्य नव्हता, तर हरकत न घेता तासभर बाजू कशाला मांडलीत? आता निकाल लवादच देतील.” सासूबाई त्याच मालातली चादर मुठीत आवळून ताठ मानेनं बाहेर आल्या. “माझ्या रंगाला नावं ठेवतो मेला! ऐकून घ्यायला मी काय मुकी आहे?” सुनेनं चादर सोडवून घेतली. सासूबाईंचे घामेजलेले तळवे निळे झाले होते. “स्वस्तातला रंग मीच आणला, आई.”