लाल घरं

नव्या रस्त्यात कोणाची घरं जाणार, ती नकाशावर लाल करून दाखवणारा पायथनचा प्रोग्राम ताई लिहीत होत्या. अख्ख्या ऑफिसला कोडिंग शिकवलेली बाई, पण या एका प्रोग्रामला रोज नवी एरर. कधी कंस उघडाच, कधी कोलन गायब.

"ताई, कंस बंद करायचं काम शेजाऱ्यांना दिलंय का?" मी येता-जाता खेचायचो. त्या नुसत्या हसायच्या.

आज साहेब तापले. "अहो, नोटिसा काय पुढच्या जन्मी काढायच्या?"

ताई पाणी प्यायला उठल्या, तसा मी त्यांच्या खुर्चीत बसलो. एक कोलन टाकला, एक कंस बंद केला आणि रन केलं. नकाशा भराभर लाल झाला. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि उद्याच नोटिसा वाटायला सांगितल्या.

"घ्या ताई, सुटलात. आता पार्टी कधी?"

त्यांनी स्क्रीनवरच्या एका लाल घरावर बोट ठेवलं.



"इथे माझी आई अंथरुणाला खिळली आहे. डॉक्टरांनी हात टेकलेत. तिने स्वतःच्या घरात डोळे मिटेपर्यंत मला चुकत राहायचं होतं."