शेवटच्या अंकातली जागा

गोंदियातला आमचा चार पानी पेपर त्या दिवशी शेवटचा निघणार होता. संपादक ईश्वरदासजींनी वाचकांचा निरोप घेणारा मजकूर लिहिला होता आणि मी तो पानात लावत होते. तेवढ्यात दवनीवाड्याच्या बकारामजींची मुलगी आचल वडिलांचा फोटो घेऊन आली.

"बाबा गेले जी. तुमचा पेपर वाचल्याबिगर चहा नोहोते पीत. फोटो छापता का?"

पान भरलं होतं. ईश्वरदासजींनी फोटो हातात घेतला, थोडा वेळ पाहिला.

"रीता, माझा मजकूर काढून टाक."

"सर, मग पेपर बंद झाल्याचं लोकांना कळणार कसं?"

"ते उद्या आपोआप कळेल. बकारामजी गेल्याचं मात्र आपणच सांगायला पाहिजे."